इंजिनाचं काम करूनही निळा धूर: पद्मिनीचं रनिंग-इन कुठे फसतं

तक्रार ठरलेली असते. जुनी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, नाहीतर तिच्या आधीची डिलाइट, फुल इंजिन काम करून गॅरेजमधून बाहेर पडते. बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते भोक, मोठा केलेला, पिस्टन नवे, रिंगा नव्या, क्रँक ग्राइंड केलेला, बेअरिंग नवे, हेडचं फेसिंग झालेलं. बिल पाहून घरात दोन दिवस कुणी बोलत नाही. मालक गाडीला जिवापाड जपतो, चाळीसच्या वर काटा जाऊ देत नाही. आणि हजार किलोमीटर होतात तरी सायलेन्सरमधून निळा धूर येतोच, डिपस्टिकवरची रेघ दर रविवारी खाली सरकलेली असते. मिस्त्री म्हणतात, "साहेब, रिंगा बसायला वेळ लागतो, अजून हजार चालवा." आपण चालवतो. धूर जागच्या जागी.

माझ्या १९८४ सालच्या पद्मिनीचं नेमकं हेच झालं. दोष ना मिस्त्रींचा होता, ना बोअरिंगवाल्याचा. मी गाडी फार जपली, एवढाच.

काय काय केलं होतं ते सांगतो, कारण यातलं निम्मं तरी तुम्हीही केलं असणार. गाडी घरी आल्यावर पहिला आठवडा रोज सकाळी पार्किंगमध्ये वीस-पंचवीस मिनिटं नुसती चालू करून ठेवली, "इंजिन मोकळं व्हावं" म्हणून. मग कर्वे रोड, सिंहगड रोड, सिग्नल ते सिग्नल, चौथ्या गिअरमध्ये तीस-पस्तीसच्या वेगाने. घाट नाही, हायवे नाही, गाडीत तीन माणसं नाहीत. आणि नव्या इंजिनाला भारीतलं तेल हवं म्हणून पहिल्याच भरणीला महागडं सिंथेटिक. नऊशे किलोमीटरला हिशेब केला तेव्हा सहाशे किलोमीटरमागे एक लिटर तेल जळत होतं. शेवटी हेड उतरवलं. बोअर आतून आरशासारखे चमकत होते. मला वाटलं किती छान. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला.

बोअरची काच होते म्हणजे काय

बोअर मशिनवर कापून झाला की शेवटी त्यात होनिंगचे दगड फिरवतात. भिंतीवर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा उठतात, शंकरपाळ्यांच्या चौकटींसारख्या. रेघांमधला कोन साधारण ४५ अंशांच्या आसपास ठेवतात. या रेघांना दोन कामं असतात. खाचांमध्ये थोडं तेल धरून ठेवायचं, आणि खाचांच्या कडांनी नव्या रिंगेला घासून त्याच बोअरच्या मापाची करून घ्यायची. रिंग कितीही नीट बनवलेली असो, पहिल्या दिवशी ती बोअरला सगळ्या बाजूंनी सारखी टेकत नाही. त्या कडा टोकदार आहेत तोवरच रिंग बसली तर बसली. हे काम बहुतेक पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्येच उरकतं.

आता रिंगेला भिंतीवर दाबतं कोण? तिचा स्वतःचा स्प्रिंगसारखा ताण असतो, पण तो थोडा. खरा जोर पेटलेल्या मिश्रणाचा. तो दाब पिस्टनच्या कडेने खाली येऊन वरच्या रिंगेच्या मागच्या फटीत शिरतो आणि रिंगेला बाहेर ढकलतो. ॲक्सिलरेटरवर पाय जितका खोल, तितका हा दाब जास्त. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, सिलिंडरमध्ये मिश्रण थोडं जातं, दाबही थोडा. अशा वेळी रिंग तेलाच्या थरावर नुसती घसरत राहते. वर उरलेलं तेल आगीच्या झळीने भाजतं आणि रेघांच्या खाचांत बसून कडक, गुळगुळीत होतं. हीच ती काच. बिडाचा तवा रोज तेल लावून तापवला की तयार होतो ना, तसंच. तव्याला ते हवं असतं, बोअरला नको असतं. खाचा एकदा बुजल्या की रिंगेला घासणारं काही उरत नाही, मग हजार चालवा नाहीतर दहा हजार.

"रनिंग-इन म्हणजे हळू चालवणं" ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे, मागच्या काचेवर पाटी लावून चाळीसने जाणाऱ्या नव्या गाड्या पाहतच आपण मोठे झालो. पण जुन्या पुस्तिका नीट वाचल्या तर त्यांत प्रत्येक गिअरमधला कमाल वेग घालून दिलेला असतो, आणि त्याच जोडीला इंजिन वरच्या गिअरमध्ये रखडवू नका असंही बजावलेलं असतं. आपण पहिलं वाक्य पाठ केलं आणि दुसरं सोडून दिलं. रिंगेला ओझं हवं असतं, फेरे, म्हणजे इंजिनाचं भरभर फिरणं, नको. कमी फेऱ्यांवर वरच्या गिअरमध्ये रखडवणं हेही ओझं नव्हे बरं का. तिथे बेअरिंगवर मार बसतो, तेलाचा दाब कमी असतो आणि इंजिन ठोकायला लागतं.

आधी धूर कुठला ते पाहा

हेड खोलायची घाई करू नका. निळा धूर म्हणजे तेल जळतंय एवढंच कळतं, तेल कुठून आलं हे धुराच्या वेळेवरून कळतं.

रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केली, एक निळा भपका आला आणि मिनिटभरात साफ झाला, तर संशय व्हॉल्व्ह गाइडवर, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीतून सरकते तिच्यावर. रात्रभरात तेल गाइडमधून खाली झिरपतं. तसंच, लांब उतारावर पाय काढून गाडी गिअरमध्ये सोडली आणि उतार संपल्यावर पाय दिला की मागे ढग उठला, तरी गाइडच बघा, कारण पाय काढल्यावर सिलिंडरमध्ये तयार होणारी ओढ तेल गाइडमधून खेचते. बरीच गॅरेजं "इंजिन काम" म्हणतात तेव्हा खालचं सगळं करतात आणि हेडमध्ये नुसते व्हॉल्व्ह घासून देतात. गाइड बदलले का, हे बिलावर बघा. बिलावर नसेल तर केलं नाही असं धरून चाला.

चढावर, ओझ्यावर, पाय दिलेला असताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगा. अशा वेळी चालू इंजिनाचं तेल भरायचं झाकण उघडून बघा. भकभक वारा येत असेल तर दाब रिंगांच्या कडेने खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, उतरतोय. नव्या इंजिनात पहिल्या दिवशी थोडा वारा असतोच, पण तो दर शंभर किलोमीटरला कमी होत गेला पाहिजे.

काळा धूर असेल तर रिंगा विसरा, कार्ब्युरेटर बघा. पांढरा, गोडसर वासाचा, आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय, तर हेड गॅस्केट.

यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चार्ज. कॉइलची वायर काढून ठेवा. प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा फेरे द्या आणि आकडा लिहून ठेवा. आकडा किती यापेक्षा चारही आकडे जवळजवळ आहेत का ते महत्त्वाचं. सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. मग प्रत्येक भोकातून चहाचा एक चमचा इंजिन तेल टाकून पुन्हा बघा. तेलाने आकडा झटकन वर चढला तर रिंगा सील करत नाहीयेत. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. माझ्या गाडीत चारही सिलिंडर सारखेच कमी होते आणि चारही तेलाने वर चढले. एकाच सिलिंडरचा प्रश्न असता तर तुटलेली किंवा उलटी बसवलेली रिंग शोधली असती. चारही सारखेच म्हटल्यावर ते एका रिंगेचं दुखणं राहिलं नाही.

उलट्या रिंगेचं मात्र खरंच बघा. दुसऱ्या नंबरच्या रिंगेचा बाहेरचा चेहरा बहुधा थोडा उतरता असतो आणि एका बाजूला खूण असते, ती बाजू वर. ती उलटी बसली की तेल खाली खरवडण्याऐवजी वर उपसते. अशा इंजिनाचं रनिंग-इन कसंही करा, ते तेल पिणारच.

काच उतरवायची कशी

दुखणं नवं असेल, तीन-चारशे किलोमीटरच झाले असतील, तर खोलण्याआधी एक प्रयत्न करून बघण्यासारखा आहे. सिंथेटिक तेल काढा, साधं मिनरल २०डब्ल्यू५० जाडीचं तेल भरा, आणि पुढे दिलंय तशी गाडी घाटात दोन-तीनशे किलोमीटर ओढवा. कधीकधी थर पूर्ण पक्का झालेला नसतो आणि रिंगा शुद्धीवर येतात. माझ्या वेळी आल्या नाहीत. नऊशे किलोमीटर म्हणजे फार उशीर झाला होता.

कार्ब्युरेटरमधून बारीक पावडर ओढवून काच उतरवायचा एक जुना जुगाड कुणीतरी सुचवेलच. नका करू. ती पावडर रिंगांपाशी थांबत नाही, तेलात मिसळून नव्या बेअरिंगपर्यंत जाते.

रीतसर उपाय असा: हेड आणि चेंबर उतरवून पिस्टन बाहेर, बोअरमध्ये पुन्हा हलका होन, नव्या रिंगा. बोअरचं माप बदलत नाही, पिस्टन तेच चालतात. पण रिंगा नव्याच हव्यात, जुन्या घासल्या गेल्या आहेत. या इंजिनाचा मूळ बोअर ६८ मिमी आणि स्ट्रोक ७५ मिमी, त्यातूनच १०८९ सीसी होतात. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने मोजायची. ढोबळ नियम म्हणजे दर १०० मिमी बोअरला ०.४ मिमी. म्हणजे आपल्या बोअरला पाव मिलिमीटरहून किंचित जास्त. रिंगेच्या पाकिटावर कंपनीने वेगळं दिलं असेल तर पाकिटाचं खरं. फट कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि बोअर ओरबाडला जातो. तीन रिंगांच्या फटी एकाखाली एक येऊ देऊ नका.

आता सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट, आणि माझ्या मते निम्मी इंजिनं इथेच मरतात. होनिंगनंतर बोअर धुणं. आपल्याकडे सगळं रॉकेल किंवा डिझेलने धुतात आणि हवेने उडवतात. त्याने तेल जातं, दगडाची बारीक भुकटी खाचांतच राहते. ती भुकटी म्हणजे पॉलिश पेपरच आहे, ती रिंगा आणि पिस्टन दोन्ही खाते. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि कडक ब्रश. घासायचं, धुवायचं, परत घासायचं. मग कोरडं करून लगेच स्वच्छ तेलाचा हात, नाहीतर बिडावर अर्ध्या तासात गंज धरतो. झालं का हे पाहायचं तर जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा तेलात भिजवून बोअरमधून फिरवा. तुकडा करडा झाला तर पुन्हा साबण. मी सात वेळा धुतलं. मिस्त्री चहा घेऊन आले, परत गेले.

पहिल्यांदा चालू करताना

इथे एक पेच आहे. या इंजिनाचा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, ब्लॉकमध्ये आहे, आणि त्यावर टेकून वर-खाली होणारे टॅपेट सपाट बुडाचे. कॅम आणि टॅपेट नवे घातले असतील तर त्यांनाही एकमेकांवर बसावं लागतं, आणि त्यांना तेल मिळतं ते बरंचसं क्रँकच्या फिरण्याने उडालेल्या शिंतोड्यांतून. आयडलवर शिंतोडे कमी. म्हणून नवा कॅम असेल तर चालू झाल्याबरोबर दीड ते अडीच हजार फेऱ्यांमध्ये, सतत थोडं कमी-जास्त करत, वीस मिनिटं. आणि ही वीस मिनिटं रिंगांच्या दृष्टीने वायाच, कारण ओझं नाही. त्यामुळे वीस म्हणजे वीसच, चाळीस नव्हेत. कॅम जुनाच असेल आणि प्रत्येक टॅपेट आपापल्या जुन्या जागी परत गेला असेल, तर या भानगडीत पडूच नका. तापमानाचा काटा हलला की सरळ रस्त्यावर. टॅपेट मात्र खरोखर आपापल्या जागी हवेत. पत्र्याच्या डब्यात एकत्र टाकून धुतले असतील तर जुनी जोडी मोडली असं समजा.

पद्मिनीला आरपीएमचा काटा नाही. ट्यून-अपवाल्याकडे मीटर असतो, तो तासाभरासाठी मागून आणा आणि एकदा कान तयार करा. दोन हजारांचा आवाज कसा असतो ते एकदा ऐकलं की पुढे मीटर लागत नाही.

चालू करण्याआधी प्लग काढून स्टार्टर फिरवा, दहा-दहा सेकंद, मध्ये थांबून, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. कोरडे बेअरिंग घेऊन इंजिन पेटवू नका. टायमिंग आधीच उभ्या गाडीत लावून घ्या, फायरिंग ऑर्डर १-३-४-२ ची वायरिंग दोनदा तपासा, कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल भरून घ्या. हे सगळं कशासाठी, तर पहिल्या चावीला इंजिन उचललं पाहिजे. चोक ओढून पाच-पाच मिनिटं स्टार्टर कुरकुरवत बसलात तर कच्चं पेट्रोल नव्या बोअरवरचं तेल धुऊन नेतं. मग जपून लावलेल्या तेलाला काय अर्थ?

रस्त्यावर: दिवे घाट आणि पुढे

मला दुसऱ्या खेपेला मिस्त्रींनी वेळापत्रकच दिलं. पहाटे साडेपाचला निघायचं, हडपसरवरून दिवे घाट चढायचा, सासवड, तिथून जेजुरी, आणि परत. जाऊन-येऊन शंभराच्या आसपास. ट्रॅफिक नसतो, हवा गार असते, घाटात ओझं मिळतं आणि सासवड-जेजुरी पट्ट्यात सलग चालवायला मिळतं. (पालखीच्या दिवसांत अर्थातच हा रस्ता गाडीचा नसतो.)

रीत अशी. गाडी पूर्ण तापू द्यायची. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये तीस-पस्तीसवरून पाय बऱ्यापैकी खोल द्यायचा, साधारण पाऊण, आणि पंचावन्नपर्यंत ओढायचं. मग पाय पूर्ण काढायचा, पण क्लच दाबायचा नाही, गिअरमध्येच गाडी परत तीस-पस्तीसवर येऊ द्यायची. ओढताना दाबाने रिंगा भिंतीला घासतात. पाय काढल्यावर उलटी ओढ तयार होते, थोडं तेल वर येतं, रिंगांना थंडावा मिळतो आणि घासून निघालेली लोखंडाची भुकटी धुतली जाते. असं दहा-बारा वेळा. मग पाच-दहा मिनिटं साधं चालवायचं. मग पुन्हा. मागे आरशात बघून करा, आणि मागच्या ट्रकवाल्याला तुमच्या रिंगांशी देणंघेणं नाही हे ध्यानात ठेवा. तुम्ही मध्येच वेग कमी करताय हे त्याला वेडेपणा वाटणार.

घाटात दुसरा किंवा तिसरा, इंजिन रखडणार नाही असा गिअर. चौथ्यात ओढून "अजून ओढतेय" म्हणत बसायचं नाही. डोळा तापमानाच्या काट्यावर. नव्या इंजिनात घर्षण जास्त, त्यामुळे ते नेहमीपेक्षा गरम चालतंच. काटा चढतच राहिला तर वळणावर बाजूला घ्या, बॉनेट उघडा आणि थांबा. रेडिएटरचं झाकण उघडू नका. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट वर करून उभ्या असलेल्या फियाटींची रांग ज्यांनी लहानपणी पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. पण दर वेळी तापत असेल तर "नवीन इंजिन आहे" म्हणून सोडून देऊ नका. टायमिंग मागे पडलंय का, रेडिएटर अर्धा बुजलाय का, पाणी भरताना हवा अडकली का, हे बघा. त्या तिन्ही गोष्टी नव्या इंजिनाच्या माथी मारल्या जातात.

पहिल्या पाचशे किलोमीटरमध्ये तीन गोष्टी टाळायच्या: पार्किंगमधलं आयडलिंग, एकाच वेगाने तासभर चालवणं, आणि फेरे वाढवून दाखवणं. पहिल्या दोन गोष्टी जपणारे लोक करतात, तिसरी त्यांचे पुतणे.

दुसऱ्या खेपेला मला फरक दिसला तो असा. पहिल्या जेजुरी फेरीत घाट चढताना आरशात हलका निळा धूर होता. तिसऱ्या फेरीला नव्हता. चारशे किलोमीटरनंतर डिपस्टिकवरची रेघ थांबल्यासारखी झाली. आता हजार किलोमीटरला पाव लिटर लागतं, आणि या वयाच्या डिझाइनला ते मी फुकट समजतो.

तेलाचं

रिंगा बसेपर्यंत सिंथेटिक नको. ते इतकं चांगलं वंगण आहे की घासायचं तेही घासू देत नाही. मिनरल २०डब्ल्यू५० घ्या. दुसरी गोष्ट म्हणजे झिंक, खरं तर झिंक-फॉस्फरसचं ते मिश्रण जे सपाट टॅपेटला कॅमपासून वाचवतं. आधुनिक गाड्यांचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नयेत म्हणून एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएम दर्जापासून पुढे पातळ तेलांमध्ये, म्हणजे ५डब्ल्यू३० वगैरेंमध्ये, फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. ती मर्यादा २०डब्ल्यू५० सारख्या जाड तेलांना लागू नाही. म्हणून "नव्यातलं नवं तेल" असा हट्ट धरून पातळ तेल घालणं या इंजिनाला दोन्हीकडून मारक आहे, जाडीनेही आणि झिंकनेही.

पहिलं तेल पहिल्याच फेरीनंतर, पन्नास-शंभर किलोमीटरला काढून टाका. जीव जातो, माहीत आहे, ते अजून सोनेरी असतं. पण घासून निघालेलं सगळं त्यातच आहे. चेंबरच्या नटखाली पांढरं भांडं ठेवा आणि तेलातून चुंबक फिरवा. चुंबकाला करडी, लोण्यासारखी बारीक पेस्ट चिकटली तर ठीक, तेच व्हायला हवं होतं. चुंबकाला न चिकटणारे चकचकीत किंवा तांबूस कण दिसले तर थांबा, ते बेअरिंगचे असू शकतात. दुसरं तेल पाचशेला, तिसरं दीड हजाराला. त्यानंतर वाटलं तर सिंथेटिक घाला. मला वाटलं नाही.

रनिंग-इन बिघडवणारी बाहेरची कारणं

याच गावच्या दोन गाड्या पाहिल्या ज्यांचं होनिंग, धुणं, चालवणं सगळं बरोबर होतं आणि तरी रिंगा बसल्या नाहीत. एकीत पेट्रोल पंप. इंजिनाच्या बाजूला बसलेल्या यांत्रिक पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये गळतं. डिपस्टिकवर तेल कमी होण्याऐवजी वाढतं, आणि मालक खूश होतो की तेल खात नाही. काडी नाकाशी धरा. पेट्रोलचा वास आला तर गाडी जागेवर बंद, पंपाचं किट, तेल नवं. पातळ झालेल्या तेलावर नवे बेअरिंग फार दिवस टिकत नाहीत.

दुसरीत चोक पूर्ण परत जात नव्हता. केबल आखडलेली, डॅशबोर्डवरची मूठ आत, पण कार्ब्युरेटरवरचा खटका अर्धा ओढलेला. बोअर सतत पेट्रोलने धुतले जात होते. प्लग काढले तेव्हा काजळी. पंधरा मिनिटांचं काम, आणि त्यासाठी दोनदा हेड उतरवलं होतं.

उलट बाजूनेही बिघडतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे कार्ब्युरेटरचे जुने जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, तसेच ठेवले तर मिश्रण हलकं होतं, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पाय दिल्यावर गाडी अडखळते, कार्ब्युरेटरमधून फटके मारते, गरम चालते. नव्या, घट्ट इंजिनाला ओझ्यावर हलकं मिश्रण अजिबात नको. मेन जेट एक पायरी मोठा करून प्लगचा रंग बघा, फिकट बदामी आला पाहिजे. आणि काम निघालंच आहे तर जुने रबरी पेट्रोल पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणारे घाला.

हेडचे नट विसरू नका. हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा, दोन्ही गरम झाल्यावर वेगवेगळं फुगतात आणि नवं गॅस्केट दबतं. पहिल्या फेरीनंतर गाडी रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी पुस्तिकेतल्या आकड्यावर टॉर्क पान्याने मधून बाहेरच्या क्रमाने पुन्हा आवळा, आणि पाचशेला परत एकदा. गरम हेड आवळू नका. आणि दर वेळी नट आवळले की टॅपेट सेटिंग पुन्हा, कारण हेड खाली बसलं की टॅपेटची फट बदलते. एक्झॉस्टचा टॅपेट घट्ट राहिला तर व्हॉल्व्ह जळतो, मग पुन्हा कॉम्प्रेशन कमी आणि पुन्हा दोष रिंगांना.

आणि सगळं करूनही काडी खालीच जात असेल, धूर मात्र नसेल, तर रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी ठिपके कुठे पडलेत ते बघा: पुढच्या पुलीखाली, चेंबरच्या कडेला, की मागे क्लचच्या घरापाशी. पहिल्या दोन ठिकाणी सील किंवा गॅस्केट बदलून भागतं. तिसऱ्या ठिकाणी असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून तेल घालत राहा आणि क्लचचं काम निघेल तेव्हा दोन्ही एकदम करून घ्या. माझा पुठ्ठा अजून तिथेच आहे, ठिपका तिसऱ्या ठिकाणी.